कासवीची नजर, माणसाचे हात

संतांनी कासवीचा दृष्टान्त ठिकठिकाणी योजला आहे. पिले एका तीरावर, आई दुसऱ्या तीरावर. तिला पान्हा नाही, पंखांची ऊब नाही. ती केवळ नजरेने पिलांना पोसते. कीर्तनात हा दृष्टान्त आला की आमच्या आईचे डोळे भरून येत. गेली दोन वर्षे मात्र तो ऐकताना ती मान खाली घालते. गुडघ्यांनी तिची पायी वारी सोडवली. सव्वीस आषाढ्या चालत केलेल्या माउलीने आषाढात चांदूर रेल्वेच्या घरी बसून राहायचे, म्हणजे काय, हे वारकऱ्यांना वेगळे सांगायला नको. वर्धेकाठचे कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचे माहेर, आमच्यापासून फार लांब नाही. तिथून पालखी निघाल्याचे कळले की आई दिवसभर गप्प. एकदाच म्हणाली, "देव मले इसरला वाट्टे."

फाल्गुनात नातवंडांनी समुद्राचा हट्ट धरला आणि आम्ही गाडीत तंबू टाकून आठवड्यासाठी निघालो. तंबूचे कारण साधे होते. आई माळकरी. कोकणात बहुतेक खाणावळींत मासळी एकाच चुलीवर शिजते. त्यात प्रवासात एकादशी येत होती. तेव्हा आपला स्टोव्ह, आपली भांडी, भगर आणि शेंगदाणे आणि आईसाठी घडीची खाट असा संसार बांधला. समृद्धी महामार्गाने घाट उतरून रायगडात आलो. काशीद, मुरूड करत आगरदांड्याहून गाडीसह फेरीबोटीने दिघीला, पुढे दिवेआगर, हरिहरेश्वर.

पहिल्या संध्याकाळी सुरूच्या बनात, जागामालकाला विचारून, तंबू ठोकला आणि आई बदलली. राहुटीचे तोंड कुठे असावे, दोर कसा ताणावा, पाणी कुठे ठेवावे, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. दिवेलागणीला हरिपाठ, पहाटे काकडा. निघताना नातवंडांना हाक, "आपण होतो हे जागेले समजू देऊ नका!" मग शेंगदाण्याचे टरफलसुद्धा वेचले जाई. मुलांना हा खेळ वाटला. दिंडीची शिस्त ती अशी नकळत शिकत होती.

बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट घेऊन वेळासला पोचलो. मंडणगड तालुक्यातले हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखले जाते. किनाऱ्यावर उजेड असला तर पिले वाट चुकतात, म्हणून तंबू गावातल्या एका वाडीत लावला. सकाळी सहाच्या सुमारास सारे किनाऱ्यावर गेलो. कासवे वाचवण्याचे काम इथे 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह सुरू केले. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा फिरकत नाही. कोल्ह्याकुत्र्यांनी अंडी खाऊ नयेत म्हणून गावकरी ती उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिले वर येतात.

हे ऐकून आई अस्वस्थ झाली. "म्हणजे माय पाहतच नाही? मंग कीर्तनात आयकलं ते?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात टोपली उचलली गेली. तळहाताहून लहान पिले दोरीपलीकडे सोडली. ती खुरडत, थांबत, लाटेकडे निघाली. एक उलटे पडले. राखण करणाऱ्या पोराने अलगद त्याला सरळ केले. त्या पोराच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आईने ती पाहिली आणि हात जोडले.

रात्री खाटेवर बसून ती म्हणाली, "नजर देवाचीच असते बापू. पण हात माणसाचे लागते. त्याच्या नजरेनंच त्या पोराले तिथं उभं केलं."

मी बराच वेळ त्या बोलण्यावर विचार करत राहिलो. शास्त्र कासवीचे वर्तन सांगते, संत कृपेचे स्वरूप सांगतात. दोघांत भांडण लावायचे कारण नाही. आपण वारीत चालतो तेव्हा वाटेवर कोणी पाणी देतो, कोणी पाय चेपतो, कोणी ओसरी मोकळी करतो. त्या वेळी आपण पिले असतो आणि ती अनोळखी माणसे देवाचे हात. पाय थकले की वारी संपत नाही. तिच्यातली आपली जागा बदलते. आजवर घेतले, आता द्यायचे. चालणाऱ्यावर त्याची नजर आहे आणि घरी बसलेल्यावरही तेवढीच आहे, याची खूण म्हणजे आपल्या हाताला मिळालेले काम.

अनेक घरांत असे थकलेले वारकरी आषाढात उदास बसलेले असतात. त्यांना नुसता धीर देऊ नये, काम द्यावे. मुक्कामी आलेल्या दिंडीचे पीठ मळायला, फोडांवर तेल लावायला, नातवंडांना हरिपाठ शिकवायला त्यांच्याइतके जाणते कोणी नाही.

परतल्यावर आईने ज्वारी निवडून डबा भरून ठेवला आहे. गावात मुक्कामाला येणाऱ्या दिंडीतल्या बायांसाठी. "चाळीस भाकरी तं मी बसल्या बसल्या थापतो," म्हणते.

रामकृष्णहरी.