ओले आणि कोरडे

आपल्या मराठीत मरणाला शब्दांचा तोटा नाही. मोठा माणूस दिवंगत होतो, घरचा माणूस जातो, शेजारचा वारतो, नावडता खपतो आणि जनावर मरते. मरण एकच; पण गेलेला आपला किती, यावर क्रियापद ठरते. शरीरातल्या मांसाच्या मरणालाही अशीच निरनिराळी नावे आहेत. तिथे मात्र नाव ठरते ते मरणाच्या तऱ्हेवरून.

विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, माझी तीस वर्षे गेली. रक्त तुटले की हृदयाचा स्नायू उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट होतो. पेशी मेल्या तरी काही दिवस त्यांचे आकार जागच्या जागी दिसत राहतात. माणसे गेलेल्या वाड्याच्या भिंती उभ्या असाव्यात तसे. त्याच कारणाने मेंदू मात्र विरघळतो, आणि मागे पाण्याने भरलेली पोकळी राहते. क्षयाच्या गाठीतले मांस पनीरासारखे भुसभुशीत होते. स्वादुपिंडाला जबर सूज आली, तर त्याचेच पाचकरस भोवतालच्या चरबीवर तुटून पडतात आणि तिथे खडूसारखे ठिपके उठतात. तो चक्क साबण असतो!

हे सारे काचपट्टीवर ठीक होते. पण थोरल्या दादाच्या पायाचे बोट मधुमेहाने काळे पडले, आणि वहिनींनी मला माजघरात गाठून विचारले, "भावोजी, पाय जाणार का हो?"

मी म्हटले, "वहिनी, दुष्काळ ओला की कोरडा, ते आधी पाहू."

दादाची हयात कोरडवाहू जमिनीत गेलेली. वहिनींना अधिक सांगावे लागले नाही. कोरड्या गँगरीनमध्ये रक्ताचा झरा हळूहळू आटतो, बोट सुकून काळे पडते, आणि जिवंत व मेलेल्या मांसात बांध घालावा तशी रेघ उमटते. ओल्यात जंतू शिरतात. सूज येते, फोड येतात, दुर्गंधी सुटते, बांध कुठेच दिसत नाही आणि विष रक्तात उतरते. तिथे उशीर म्हणजे प्राणाशी गाठ. कोरड्यात सवड असते, सूट नसते. त्याचे ओले व्हायला वेळ लागत नाही. वहिनी रोज सकाळी चष्मा लावून ती रेघ पाहत. रेघ हलली नाही. शेवटी बोट गेले, पाय राहिला.

याहून वेगळे असे आणखी एक मरण आहे. केर, वायली आणि करी या तिघा विकृतिशास्त्रज्ञांनी १९७२ साली त्याला 'अ‍ॅपॉप्टोसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. यात पेशी फुटत नाही, सूज नाही, कालवा नाही. ती आक्रसते, आपले सामान लहान लहान गाठोड्यांत बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. सूत्रकृमीच्या एका जातीत वाढ होताना १०९० पेशी जन्मतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ अशा ठरल्या वेळी मरतात. आईच्या पोटात आपले हातपाय आधी वल्ह्यासारखे सपाट असतात. मधल्या पेशी गळून जातात, तेव्हा कुठे पाच बोटे सुटी होतात.

दादाचे जे बोट गेले, तेही सत्तर वर्षांपूर्वी अशाच मरणांनी कोरून काढले होते.