रायफलीचं कूळ

थ्री-नॉट-थ्री हातात घेतलेली आमच्या पिढीतली माणसं बरीच सापडतील, पण तिच्यावर काय कोरलंय ते वाचलेली थोडीच. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि एनसीसीही बघायचो. दिसेल ते वाचायची खोड मूळचीच, ती रायफलीपर्यंत गेली एवढंच.

बोल्टच्या मुठीखाली, लाकडी दस्ता जिथे लोखंडात बसतो, तिथे उजव्या अंगाला रायफलीचा जन्मदाखला असतो. राजचिन्ह, कारखाना, साल, मार्क. 'बी.एस.ए.' असेल तर ती बर्मिंगहॅमची, 'लिथगो' असेल तर ऑस्ट्रेलियाची. आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक ईशापूरच्या, म्हणजे बंगालमधल्या. त्यातही मुकुट आणि खाली 'जी.आर.आय.' असेल तर इंग्रजी अमदानीतली, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर स्वातंत्र्यानंतरची. १९०७ चा हा नमुना आपण पुढे १९६० नंतरही बनवत होतो!

१९८६ चा कॅम्प. बटालियनच्या कोतमधून आलेल्या रायफली मुलं चिंदीनं पुसत बसली होती. सगळ्या डी.पी., म्हणजे फक्त ड्रिलपुरत्या, गोळी न उडणाऱ्या. सातारा भागातला एक मुलगा आपली रायफल घेऊन माझ्याकडे आला. त्याचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४४ साली इटलीत पडले. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच सालचा, त्याच मुलखातला. यांच्या घरी मात्र एक पदक आणि एक सरकारी पत्र, बाकी काही नाही.

"सर, ही आजोबांच्या टायमाची असंल का?"

मी पाहिलं. सिंह, ईशापूर, १९६२.

"नाही रे. तुझे आजोबा गेल्यावर अठरा वर्षांनी झालेली आहे ही."

(त्याच वर्षी आपले जवान असल्याच रायफली घेऊन नेफात चिन्यांसमोर उभे होते. पण ते त्याला तेव्हा सांगून काय उपयोग?)

तो गेला आणि एकेक रायफल उलटीपालटी करून बघू लागला. तासाभरानं दुसरी घेऊन आला. मुकुट, जी.आर.आय., १९४२. चेहरा नुसता फुलला होता. 'हो, असेल' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मी त्याला बोल्टवरचा नंबर वाचायला लावला, मग बॉडीवरचा. दोन्ही वेगळे. म्हणजे बोल्ट एका रायफलीचा, बॉडी दुसरीची. दस्ताही बदललेला असणार, लाकडाचा रंग पुढे एक न् मागे एक. मी म्हटलं, ती कुठे आणि कधी जन्मली ते या खुणा सांगतात. कुणाच्या खांद्यावर होती ते पलटणीच्या वहीत लिहिलेलं असे, लोखंडावर नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पर सालाच्या हिशेबानं असू शकती ना?"

"सालाच्या हिशेबानं असू शकते."

त्यानं खिशातली डायरी काढली. मला वाटलं, साल लिहून घेईल. त्यानं बॉडीचा नंबर लिहिला, खाली बोल्टचाही लिहिला, आणि कॅम्प संपेपर्यंत रोज तीच रायफल मागून घेतली.

जमा करायच्या दिवशी कोतमधले हवालदार म्हणाले, "मास्तर, ही एकटीच एवढी चकचकीत कशी?"

मी म्हटलं, "साताऱ्याच्या पोराकडे होती."