एकशिक्षकी शाळा आणि पॉवर ॲम्प्लिफायर

"पेन्शनीतून पॉवर ॲम्प्लिफायर घेतलात? ह्या वयात?" हा प्रश्न गेल्या महिनाभरात इतक्या जणांनी विचारला की म्हटलं, एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकावं. तर नातेवाईक मंडळी, हे खास तुमच्यासाठी. ब्लॉगवाल्यांना वायरींचा कंटाळा आला तर मधलं सोडून शेवट वाचा, मी रागावणार नाही.

आमचा होम थिएटर रिसीव्हर मुलाचा. तो परदेशी गेला तेव्हा पाच स्पीकर, सबवूफर आणि हा खोका हॉलमध्ये ठेवून गेला. रिसीव्हर म्हणजे काय, हे मला नातवापेक्षा माझ्या नोकरीने लवकर समजावलं. पहिली तीन वर्षं मी एकशिक्षकी शाळेत होते. घंटा आपणच द्यायची, हजेरी आपणच घ्यायची, आणि एकाच खोलीत चार इयत्ता शिकवायच्या. रिसीव्हरचं तसंच. चित्र टीव्हीकडे पाठवायचं, आवाजाची पाच स्पीकरमध्ये वाटणी करायची, आणि वर प्रत्येक स्पीकरला ताकदही स्वतःच पुरवायची. सगळ्यांना मिळून वीजपुरवठा एकच. माहितीपुस्तिकेत ९० वॅट लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात "दोन चॅनल चालू असताना" असंही असतं. पाचही एकदम मागायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

एरवी ह्याने काही बिघडत नाही. साधं बोलणं ऐकायला एखादा वॅटही पुरतो. पण गाण्यात एखादी तान एकदम २० डेसिबलने उसळते, आणि तेवढ्या क्षणापुरती शंभरपट ताकद लागते. ती नसेल तर आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात. कानाला ते कर्कश लागतं. शेवटच्या तासाला घसा बसलेल्या बाई ओरडून शिकवायला लागल्या की वर्गाला कसं वाटतं, तस्संच.

आमच्याकडे हे रोज व्हायला लागलं, कारण ह्यांचे कान. वयाने कान जातात ते आधी उंच स्वरांच्या बाजूने. मराठी शिकवणारी मी, मला त्यातली गंमत (आणि वाईटही) अशी वाटली, की स्वर ऐकू येतात आणि स, श, फ, थ सारखी व्यंजनं निसटतात. म्हणून हे म्हणायचे, "आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत." आणि आवाज वाढवायचे. तो वाढला की फाटायचा. फाटला की मी उठून आत जायचे. दोन वर्षं आम्ही संध्याकाळी दोन खोल्यांत बसलो. बावन्न वर्षांच्या संसारात बदलीच्या गावीसुद्धा असं झालं नव्हतं.

नातवाने रिसीव्हर उलटा करून मागे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, ह्याला प्री-आउट आहे." प्रत्येक रिसीव्हरला ती सोय नसते, घेण्याआधी बघा. प्री-आउटमधून आवाजाचा अशक्त सिग्नल बाहेर काढायचा आणि वेगळ्या पॉवर ॲम्प्लिफायरला द्यायचा. म्हणजे शाळेला दुसरे गुरुजी मिळाले. आम्ही तीन चॅनलचा घेतला, समोरच्या डाव्या-उजव्यासाठी आणि मधल्यासाठी. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधूनच येतं. मागचे दोन रिसीव्हरकडेच राहिले.

जोडणी अर्ध्या तासाची, पण शिस्तीची. सगळं बंद करून प्लग काढायचे. त्या तीन स्पीकरच्या वायरी रिसीव्हरवरून काढून ॲम्प्लिफायरला लावायच्या, दोन्हीकडे कधीच नाही. वस्तू जड, उचलायला दोघं हवेत. गरम होते, म्हणून वर मोकळी जागा हवी, क्रोशाचा रुमाल टाकायचा नाही! आधी रिसीव्हर चालू करायचा, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. आणि माइक लावून स्पीकरची पातळी पुन्हा जुळवून घ्यायची, नाहीतर मधला दांडगाई करतो. आमच्याकडे आधी हम्म असा आवाज यायचा. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतल्यावर गेला.

आता फरक. आवाज दुप्पट झाला का? नाही. ताकद दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. मोठा आवाज हवा म्हणून कोणी घेणार असेल तर पैसे जपून ठेवा. १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावला, तो होता तसाच खरखरतो. जुन्या ध्वनिमुद्रणात जे नाही ते कुठून येणार? पण २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' मधल्या ताना लावल्या तेव्हा आवाज तेवढाच मोठा, आणि फाटला मात्र नाही. मी उठले नाही.

निसटलेली व्यंजनं ॲम्प्लिफायर परत आणत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी ह्यांना कान तपासायला नेलं. हे तयार नव्हते. "मला म्हातारा ठरवू नकोस" म्हणाले. मी म्हटलं, "म्हातारे आपण दोघंही आहोत, पण मला एकटीला म्हातारं व्हायचं नाही." त्यावर काही बोलले नाहीत, पण चप्पल घातली.

आता सिनेमा आणि नाटकाला कानात यंत्र असतं. गाण्याला ते काढून ठेवतात, त्यातून तंबोरा पत्र्याचा लागतो म्हणे. तेव्हा आवाज थोडा वाढतो आणि दुसरे गुरुजी कामाला येतात. रिसीव्हरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालता येते, ती मी घातली आहे आणि ह्यांना सांगितलेली नाही. (हे ब्लॉग वाचत नाहीत.)

असो. खर्च विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की आमच्या हॉलमधली दुसरी खुर्ची आता रोज भरलेली असते. तुमच्या घरी टीव्हीचा आवाज कोणी सारखा वाढवत असेल, तर चिडण्याआधी त्यांना कान तपासायला न्या. ॲम्प्लिफायरचं मग बघू.