हंगामी

'हंगामी' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. आंब्याचा, काजूचा, फुटबॉलचा जो ठरलेला काळ तो हंगाम. आणि कायमचा माणूस मिळेपर्यंत खुर्चीवर बसविलेला जो माणूस, तोही हंगामी. पहिल्या अर्थाला सुगीचा वास आहे. दुसऱ्यात मात्र थोडी उपेक्षा दडलेली आहे. आमच्या सरकारी खात्यांत याच माणसास 'प्रभारी' म्हणतात. शब्द भारदस्त खरा, पण स्थिती तीच, की भार सगळा आणि अधिकार बेताचा.

ही अवस्था फुटबॉलच्या राष्ट्रीय संघाच्या हंगामी प्रशिक्षकाला जितकी उघड्यावर सोसावी लागते, तितकी दुसऱ्या कोणास क्वचितच लागत असेल. प्रभारी अधिकाऱ्याची परीक्षा निदान चार भिंतींच्या आत होते. प्रशिक्षकाची होते ती हजारो प्रेक्षकांच्या देखत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निकाल अख्खा देश लावून मोकळा होतो. पहिला सामना जिंकला की 'सापडला माणूस!' आणि तिसरा हरला की 'आम्ही म्हणतच होतो!' या दोन उद्गारांच्या मध्ये मिळतात जेमतेम चार आठवडे. एवढ्या अवधीत माणसाचे मोजमाप होते काय, आणि होत असेल तर कोणत्या मापाने, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनात घोळत आहे.

गोव्यातील मराठी घरांस फुटबॉलविषयी निराळे सांगावयास नको. भात कापून झाले की मोकळ्या शेतात दोन दगड ठेवून सुरू होणारा हा खेळ आमच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचलेला असतो. आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात तर फुटबॉलवर वाद न झडता गेलेला सोमवार आम्हांस आठवत नाही. २०२४ सालच्या पावसाळ्याअखेरीस हा वाद पेटला तो इंग्लंडच्या संघावरून. जुलैमध्ये बर्लिन येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्पेनकडून १-२ असा पराभव झाला, दोनच दिवसांनी गॅरेथ साउथगेट यांनी प्रशिक्षकपद सोडले, आणि ऑगस्टमध्ये ती जागा हंगामी म्हणून ली कार्सली यांच्याकडे आली. जन्म बर्मिंगहॅमचा, पण खेळले ते आयर्लंडकडून, चाळीस सामने. त्यानंतर इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक, आणि २०२३ साली त्याच मुलांना युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिलेले. त्या स्पर्धेत संघाने एकही गोल स्वीकारला नव्हता. म्हणजे गृहस्थ नवखे नव्हते. नवी होती ती खुर्ची.

पहिला सामना डब्लिनला, तोही आयर्लंडविरुद्धच. तारीख ७ सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे चवथ. आरत्या आटोपून माटोळीखाली बसलेली आमच्या घरची मंडळी रात्री साडेनऊला हळूच दूरदर्शन संचाकडे सरकली, हे आम्ही पाहिले न पाहिलेसे केले. सामन्याआधीच वादळ उठले होते. आपण राष्ट्रगीताच्या वेळी गात नाही, त्या क्षणी लक्ष खेळावर असते आणि खेळाडू म्हणूनही आपली तीच रीत होती, असे कार्सलींनी सांगितले, आणि विलायतेतील वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने भरले. चेंडूला पाय लागण्यापूर्वीच माणसाची परीक्षा सुरू झाली ती अशी. पुढे इंग्लंडने २-० असा विजय मिळविला. गोल करणारे डेक्लन राइस आणि जॅक ग्रीलिश हे दोघेही एके काळी आयर्लंडच्या पोशाखात खेळलेले, हा दैवाचा विनोद. तीन दिवसांनी वेम्बलीवर फिनलंडही २-० असे हरले. हॅरी केनचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, आणि दोन्ही गोल त्याचेच. शिक्षककक्षात कार्सलींचा जयजयकार झाला.

मग आली १० ऑक्टोबरची रात्र. वेम्बलीवर प्रतिस्पर्धी ग्रीस. केन दुखापतीमुळे बाहेर होता. कार्सलींनी त्याच्या जागी दुसरा आघाडीपटू घेतलाच नाही. बेलिंगहॅम, फोडन, पामर, साका, गॉर्डन अशा पाच हल्लेखोर कलावंतांना एकदम मैदानात उतरविले. कागदावर ही रचना पाहून कोणाचाही ऊर भरून यावा. मैदानावर मात्र गायनाच्या बैठकीत पाच मुख्य गवई आणि तबल्यावर कोणीच नाही, अशी गत झाली. मध्यभाग उघडा पडला, आणि ग्रीक खेळाडू त्यातून पुनःपुन्हा आरपार गेले. त्यांचे कित्येक गोल ऑफसाइड ठरले म्हणून बरे. पाव्हलिदिसने एक गोल केला, बेलिंगहॅमने ८७व्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि भरपाईच्या वेळेत पाव्हलिदिसनेच दुसरा गोल करून सामना २-१ असा संपविला. आदल्याच दिवशी आपला सहकारी जॉर्ज बाल्डॉक गमावलेल्या त्या संघाने इंग्लंडवर मिळविलेला हा पहिलाच विजय. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कार्सलींचे नाव काढावयास कोणी तयार नव्हते. 'परीक्षेत नापास' असा शेरा गणिताच्या सरांनी मारला.

पुढचे थोडक्यात सांगतो. फिनलंडमध्ये ३-१ असा विजय. नोव्हेंबरात अथेन्सला ३-० आणि अखेर वेम्बलीवर आयर्लंडविरुद्ध ५-०. सहा सामने, पाच विजय. दुसऱ्या श्रेणीत घसरलेला संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत. हिशेब चोख. पण या हिशेबात काय येत नाही, तेच आम्हांस सांगावयाचे आहे.

त्या ५-० चेच उदाहरण घ्या. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. नंतर आयर्लंडच्या लियाम स्केल्सला लाल कार्ड मिळाले, पेनल्टी मिळाली, केनने ती साधली, आणि दहा माणसांचा तो संघ कोसळला. पाच या आकड्याने छाती फुगवावी असे त्यात फारसे नाही. उलट आमच्या मते कार्सलींचा खरा सामना अथेन्सचा. दुखापती व अन्य कारणांनी आठ-नऊ खेळाडू संघातून गळाले होते. अशा वेळी नावाजलेल्या माणसांना चिकटून राहण्याचा मोह कोणालाही व्हावा. कार्सलींनी कर्णधार केनलाच राखीव बाकावर बसविले आणि ऑली वॉटकिन्सला पुढे केले. सातव्या मिनिटाला वॉटकिन्सचा गोल. कर्टिस जोन्स या पदार्पण करणाऱ्या मुलानेही टाचेने चेंडू वळवून एक गोल केला. जो माणूस महिन्याभरात परत जाणार हे जगजाहीर होते, त्याने हे धाडस करावे, याला आम्ही गुण देतो. वेम्बलीवरचा प्रयोग फसला आणि अथेन्सचा साधला, पण दोन्हींमागचा माणूस एकच होता.

आणि परत जाणार हे जगजाहीर कसे झाले, तीही हकीकत ऐकण्याजोगी आहे. १६ ऑक्टोबरला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने थॉमस टुचेल यांची नेमणूक जाहीर केली. तोवर सर्वांचा समज असा, की ग्रीसविरुद्धच्या त्या रात्रीने कार्सलींची संधी घालविली. मग उघड झाले, की टुचेल यांनी करारावर सही केली होती ८ ऑक्टोबरला. म्हणजे ग्रीसचा सामना होण्याच्या दोन दिवस आधी! ज्या परीक्षेवरून लोक माणसाला नापास करीत होते, तिच्या आधीच जागा भरून झाली होती. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या आम्हांस याचे फार आश्चर्य वाटले नाही. मुलाखती चालू असताना आदेश टंकलिखित होऊन तयार असल्याच्या कथा प्रत्येक कार्यालयात ऐकू येतात.

आमच्या मताला स्वानुभवाचीही थोडी जोड आहे. आम्ही स्वतः दोन वर्षे सात महिने प्रभारी मुख्याध्यापक होतो. पदभार घेऊन तीन महिने होतात न होतात तोच दहावीचा निकाल लागला, आणि तो शाळेच्या आजवरच्या निकालांत सर्वांत चांगला. पालक-शिक्षक संघाने आमच्या गळ्यात हार घातला. वस्तुतः त्या मुलांना तीन वर्षे पहाटेचे जादा वर्ग घेऊन तयार केले होते ते आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी. आम्ही ते तेथल्या तेथे बोलूनही दाखविले, पण टाळ्यांच्या गजरात ते कोणाच्या कानी गेले नसावे. पुढल्या वर्षी निकाल घसरला. त्या तुकडीला नववीत जवळजवळ वर्षभर गणिताचा शिक्षकच नव्हता. जागा रिकामी, भरतीची फाईल वर अडकलेली. आमच्याविरुद्ध मात्र एक अर्ज खात्याकडे गेला, आणि त्यात 'प्रभारी असल्यामुळे लक्ष नाही' असे शब्द होते. ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही. हार आमचा नव्हता आणि अर्जही आमचा नव्हता. आमचे म्हणावे असे त्या काळातील काम एकच: वाचनालयाची कुलूपबंद कपाटे उघडून पाचवी-सहावीच्या मुलांना दर आठवड्याला पुस्तक घरी नेऊ देणे. ती मुले दहावीला बसली तेव्हा प्रभारी हा शब्द आमच्या सहीतून केव्हाच गळून गेला होता.

गोमंतकीयांनी तर हे आपल्याच माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. २०११ साली बॉब हॉटन गेल्यावर भारतीय संघ काही काळासाठी आर्मांदो कुलासो यांच्या हाती आला. धेंपो क्लबला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा हा गोव्याचा माणूस. आम्हांला केवढा अभिमान! जुलैत विश्वचषक पात्रतेचा सामना संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध अल ऐन येथे झाला, आणि भारत ०-३ असा हरला. आकडा एवढाच सांगतो. पण पहिल्या अर्ध्या तासाच्या आत भारताचे दोन खेळाडू, त्यांत गोलरक्षक सुब्रत पाल, बाहेर काढले गेले होते, आणि दोन पेनल्टी गेल्या होत्या. उरलेला तासभर नऊ माणसांनी फक्त एक गोल होऊ दिला. पाच दिवसांनी दिल्लीत त्याच अमिरातीशी २-२ अशी बरोबरी. जेजे आणि गौरमांगी यांचे गोल. आमच्या दृष्टीने हे दोन सामने प्रशिक्षकाच्या पदरी मोठे पुण्य टाकणारे होते. ऑगस्टच्या परदेश दौऱ्यात त्रिनिदाद आणि गयाना यांच्याकडून हार झाली आणि कुलासोंचे पर्व संपले.

त्यांच्या जागी आले तेही गोव्याचेच, सावियो मदेरा. डिसेंबरात दिल्लीला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानवर ४-० असा विजय, वृत्तपत्रांत जल्लोष. मात्र सत्तर मिनिटांपर्यंत एकही गोल झाला नव्हता, हे जल्लोषात हरवले. तीनच महिन्यांनी काठमांडूच्या चॅलेंज कप स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. डिसेंबरातले मदेरा थोर आणि मार्चातले मदेरा नालायक, असे कोणी म्हणू लागला तर आम्ही त्याला विचारू, की मधल्या तीन महिन्यांत माणूस बदलला, की समोरचा संघ?

कोणी म्हणेल, मग निकालांना काही अर्थच नाही काय? आहे, पण चार-सहा निकालांना फार थोडा. साउथगेट हेही २०१६ साली हंगामीच होते. त्यांचे चार सामने: माल्टाविरुद्ध विजय, स्लोव्हेनियाशी गोलशून्य बरोबरी, स्कॉटलंडवर ३-०, आणि स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत २-० अशी आघाडी गमावून २-२. या चार सामन्यांत कोणालाही विश्वचषकाची उपान्त्य फेरी किंवा युरोपच्या दोन अंतिम फेऱ्या दिसल्या नसत्या. तरी त्यांना कायम केले, आणि ते आठ वर्षे टिकले. कार्सलींनी सहांपैकी पाच सामने जिंकले आणि ते परत गेले. कार्सलींना कायम करावयास हवे होते, असा आमचा आग्रह नाही. टुचेल यांनी युरोपीय क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकलेली आहे, आणि हे पद करंडक जिंकलेल्या प्रशिक्षकाला साजेसे आहे, असे कार्सली स्वतःच म्हणाले होते. आमचा आक्षेप मापाला आहे. समोर कोण होते, कोणते खेळाडू हाताशी होते, आणि हरण्याची भीती असतानाही याने कोणाला पुढे आणले, हे पाहावे. मॉर्गन रॉजर्स याने अथेन्सला कार्सलींच्या संघातून पदार्पण केले, नोनी मडुएकेने त्याआधी फिनलंडविरुद्ध. टुचेल यांनी पुढे त्या दोघांनाही खेळविले. गेलेल्या माणसाचे काम येणाऱ्याच्या हातात असे शिल्लक राहते.

हे सारे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. येत्या मे महिन्यात आम्ही निवृत्त होतो. आमच्या उपमुख्याध्यापिका बाई पदभार घेतील, अर्थात प्रभारी म्हणून. कायम नेमणूक केव्हा होईल ते खातेच जाणे. बाई शांत स्वभावाच्या, मुलांना नावानिशी ओळखणाऱ्या. परवाच पालक-शिक्षक संघाचे एक पदाधिकारी आमच्या खोलीत बसून म्हणाले, "सर, तुमच्या मागे शाळेचे काय होते ते पहिल्या निकालावरून कळेलच." आम्ही त्यांना चहा दिला आणि सांगितले, "तो पहिला निकाल बाईंचा नव्हे, आमचा. चांगला लागला तरी आणि वाईट लागला तरी. बाईंचा निकाल पाहावयाचा असेल तर चार वर्षे थांबा." त्यांना ते पटले असे दिसले नाही. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र आम्ही हे वाक्य लिहवून घेतले आहे.

राहता राहिली कार्सली आणि कुलासो यांची पुढील हकीकत. कुलासो धेंपोकडे परतले, आणि २०११-१२ च्या हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगचे विजेते झाले. कार्सली आपल्या २१ वर्षांखालील मुलांकडे गेले. जून २०२५ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे जादा वेळेत जर्मनीला ३-२ असे हरवून त्या मुलांनी युरोपचे अजिंक्यपद लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकले. गणिताचे सर तो सामना आमच्या घरी पाहावयास आले होते.