मोतीबिंदू नाही, तरी भिंग काढायचं?

प्रिय सुमे,

मोतीबिंदू नसताना आईच्या डोळ्यातलं भिंग काढायचं कशाला, हे तू फोनवर विचारलंस. खुद्द काकूंनाही तेच खटकलंय. दवाखान्यातून पेरूगेटपर्यंत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते.

तपासणीला मी शेजारीच होते. डोळा बधिर करून डॉक्टरांनी आरसे बसवलेली इवलीशी काच डोळ्याला टेकवली आणि कोन पाहिला. रंगीत पडदा आणि पुढचं पारपटल जिथे मिळतात, त्या कोनातून डोळ्यातलं पाणी बाहेर पडतं. काकूंचा डोळा मुळात आखूड, म्हणून तर प्लसचा चष्मा. त्यात वयाबरोबर भिंग जाड झालं, पडदा पुढे रेटला गेला आणि वाट बुजली. डोळ्यातला दाब 32 निघाला. 21 च्या आत हवा. दिव्याभोवती रंगीत कडी, डोकं ठणकणं, उलट्या! किती घरांत हे पित्तावर घालतात गं.

पूर्वी अशा वेळी लेसरने पडद्याला बारीक छिद्र पाडायचे आणि जन्मभर थेंब. पण जाड भिंग तसंच आत राहतं ना! 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘ईगल’ हा अभ्यास आला. पन्नाशीपुढचे, मोतीबिंदू नसलेले 419 रुग्ण. निम्म्यांचं भिंग काढलं, निम्म्यांना लेसर. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांपैकी दहांतल्या सहांना पुढे थेंबसुद्धा लागले नाहीत. लेसरवाल्यांत जेमतेम दोघांना. मला तरी हे पटलं.

तिसरी वाट ट्रॅबेक्युलेक्टोमीची: पापणीखाली पाण्याला नवी वाट करून द्यायची. दाब चांगला उतरतो, पण तिथे जो फुगा राहतो त्यातून जंतुसंसर्गाची धास्ती कायमची. दाबाने डोळ्याची नस फार गेलेली असेल, भिंग काढूनही दाब हटत नसेल, तर ती करावीच लागते. भिंगासोबत तीही एकदमच उरकू या का, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ताडून पाहिलंय; थेंब कमी होतात, गुंतागुंत मात्र वाढते. काकूंची नस अजून बरीच शाबूत आहे, म्हणून आधी नुसतं भिंग. गेलेली नजर मात्र कशानेच परत येत नाही, म्हणून मला घाई आहे.

काकूंना तू स्वतः समजाव, तुझं ऐकतील. आणि तुलाही प्लसचाच नंबर आहे, शिवाय हे दुखणं घराण्यात असतं. तिकडे नुसता दाब मोजून घरी येऊ नकोस, कोन बघायला सांग.

तुझी,
वासंती