नऊ मिनिटं

आम्हा इंजिनियर लोकांना एक खोड असते. कुठलीही गोष्ट समोर आली की ती मोजायची कशी, हाच प्रश्न आधी डोक्यात येतो. पण आयसीयूत माणूस नीट गेला की नाही, हे कसं मोजणार?

इथे फ्रान्समध्ये डॉक्टरांनी ते मोजून पाहिलंय, तेही मागे राहिलेल्यांच्या बाजूने. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २२ आयसीयूंमधले १२६ रुग्ण होते, सगळेच वाचण्याची आशा संपलेले. काहींच्या घरच्यांशी डॉक्टर नेहमीसारखे बोलले. बाकीच्यांना मात्र निवांत बसवून घेतलं, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते विचारलं, रडू आलं तर रडू दिलं आणि दुःखाविषयीची एक छोटी पुस्तिका हातात दिली. नेहमीच्या बैठकीत घरचे साधारण ५ मिनिटं बोलले, या बैठकीत १४. फरक नऊ मिनिटांचा! तीन महिन्यांनी फोनवर चौकशी केली, तेव्हा मानसिक आघाताची लक्षणं पहिल्या गटात ६९ टक्के लोकांमध्ये होती, दुसऱ्यात ४५ टक्के.

हे वाचलं आणि मामी आठवली. मामा गेला तो आपल्याकडच्याच एका आयसीयूत, अकराव्या दिवशी. संध्याकाळी एकाने आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं. डॉक्टर चालता चालता क्रिएटिनिनचा आकडा सांगून जायचे. उपचारांत कसूर नव्हती हो. पण हा माणूस तीस वर्षं गणित शिकवत होता, हे कुणी विचारलं नाही. चार वर्षं झाली, मामी अजून फोनवर म्हणते, "तोंडात नळी होती रे, त्यांना काही सांगायचं असेल का?" काय उत्तर देणार?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रियाही थोडी सोपी केली. चांगलंच झालं. पण यंत्र कधी थांबवायचं हे त्याने ठरेल, बाकड्यावरच्यांशी कोण बोलणार हे नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. पण या नऊ मिनिटांसाठी कुठलं मशीन विकत आणावं लागत नाही. तेव्हा मंडळी, आपलं माणूस आत असेल तर डॉक्टरांकडे बसून बोलायची वेळ मागून घ्या. आणि ते माणूस कोण आहे, हे त्यांनी नाही विचारलं तरी सांगा.