माझी तद्भव मोटार

चाळिशी उलटल्यावर पुरुषाने कोणकोणत्या गोष्टी करू नयेत याची एक यादी आमच्या सौभाग्यवतीने मनाशी तयार करून ठेवली आहे. ती तिने मला कधी वाचून दाखवलेली नाही. मी एखादी गोष्ट करून बसलो आणि घरात दोन दिवस भांड्यांचा आवाज वाढला, म्हणजे ती गोष्ट यादीत होती एवढे मला कळते. सहा वर्षांपूर्वी मी मोटार घेतली तेव्हा भांडी पंधरा दिवस वाजत होती.

त्याला कारणही होते. वेतनाची थकबाकी हाती आली होती आणि घराचे छप्पर गळत होते. शहाण्या माणसाने छपराकडे पाहिले असते. मी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहिली, घरातली चांगली चालती चार माणसांची गाडी विकली, आणि थकबाकीची भर घालून दोन माणसांची, जुनी, लाल रंगाची मोटार घेऊन आलो. सॅन मोटर्स या कंपनीची 'स्टॉर्म'. कापडी टप, फायबरचे अंग, आणि पोटात रेनोचे ११४९ घनसेंटिमीटरचे, साठ घोड्यांच्या शक्तीचे इंजिन. फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या पंक्तीत तिला कोणी पाट मांडणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या तालुक्यात टप उघडून वारा खात जाणारे दुसरे वाहन म्हणजे ट्रॅक्टर. तेव्हा परदेशी अप्सरा म्हणून मिरवायला तिला आमच्याकडे कोणाची आडकाठी नव्हती.

आमचे गाव इटियाडोहच्या धरणाच्या अंगाला. १९७० साली पुरे झालेले हे मातीचे धरण ज्या नदीवर आहे, तिचे नाव गाढवी. साठ घोडे घेऊन मी गाढवीच्या काठी राहायला आलो, हा विनोद आमच्या प्राध्यापक-कक्षात पहिल्याच आठवड्यात सात जणांनी केला, आणि सातही जणांना तो आपल्यालाच सुचला असे वाटत होते.

या वेडाचे मूळ जुने आहे. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांची बरोबरी केली, म्हणून सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या मैदानावर मायकेल शूमाखरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मी तेव्हा एम. ए. ला होतो. वर्तमानपत्रातले ते छायाचित्र कापून मी शब्दकोशात 'फ'च्या पानावर ठेवले होते. पुढे २०११ साली ती फेरारी सुरतेच्या एका गृहस्थांकडे गेली. माझ्या कोशातले छायाचित्र मात्र जागचे हलले नाही.

पहिले वर्ष मी त्या मोटारीचे काय केले? तिची पूजा केली. वडिलांचे बैल ज्या गोठ्यात बांधले जात तो शेणाने सारवून, वर पत्रा घालून मी तिला तिथे ठेवले. अंगावर पांढरी खोळ. कॉलेजला मी मोटारसायकलने जाई. रविवारी पहाटे, रस्त्यावर गुरे येण्याच्या आत, खोळ काढून मी धरणाकडच्या रस्त्याने तिला फिरवून आणी. पाण्यावरचे धुके, उघडा टप, हातात हलकेच वळणारे चक्र... त्या अर्ध्या तासाबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण तो आठवड्यातला अर्धा तास होता. तिचा एक स्क्रूही मी कोणाला बदलू देत नसे. एकदा सौभाग्यवतीने गोठ्याच्या दारात उभे राहून विचारले, "अहो, ही आपली आहे, की आपण हिचे?"

मी वर्गात तत्सम आणि तद्भव शब्द शिकवतो. संस्कृतातून जसाच्या तसा आला तो तत्सम; लोकांच्या तोंडी झिजून, बदलून आला तो तद्भव. हस्त तत्सम, हात तद्भव. दुग्ध तत्सम, दूध तद्भव. मुले हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी तर वीस वर्षे शिकवूनही पाठच करत होतो, हे मला दुसऱ्या पावसाळ्यात कळले.

श्रावणातली रात्र होती. एकच्या सुमारास आईला दम लागला. बसवेना, निजवेना. मी गोठ्याकडे धावलो. घरात चार चाकांची तेवढीच एक गाडी होती. खोळ ओढून काढली आणि आईला आणले. आता त्या मोटारीत बसायचे म्हणजे बसायचे नसतेच, उतरायचे असते. आसन नडगीच्या उंचीवर. आईचे गुडघे दहा वर्षांपासून संपलेले. मी आणि सौभाग्यवतीने तिला अक्षरशः धान्याचे पोते कणगीत सोडावे तशी आत सोडली. दोनच जागा, तेव्हा सौभाग्यवती पावसात दारातच उभी राहिली. तिचा तो चेहरा मी आरशात पाहिला.

गावाच्या बाहेर एक रपटा आहे. पावसाने त्याच्या तोंडाशी दगड उघडे पडले होते. ट्रॅक्टर त्यांच्याकडे बघतही नाही, मोटारसायकल बाजूने निघते. माझ्या मोटारीचे पोट जमिनीपासून वीतभरही उंच नव्हते. खालून खर्रकन आवाज आला, नाक दगडावर टेकले, चाके चिखलात गरगरली आणि साठही घोडे जागच्या जागी उभे राहिले. शेवटी शेजारच्या गुरुजींनी धानाची पोती वाहायचा आपला टेम्पो काढला. मागच्या हौद्यात पोत्यांवर आई, आणि तिच्यावर छत्री धरून मी, असे आम्ही इस्पितळात पोचलो. वेळेत पोचलो, असे डॉक्टर म्हणाले. दोष रस्त्याचा होता असे मी पुष्कळांना सांगितले. खरे सांगायचे तर तो रपटा माझ्या जन्माआधीपासून तिथे आहे. तो मला माहीत नव्हता असे नाही.

आई चार दिवसांनी घरी आली. तिने एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते. आठवड्याने मी गोठ्यात मोटारीखाली डोके घालून बसलो असताना ती काठी टेकत आली, उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी चांगली हाये गा. आपल्या रस्त्याची नाही."

दुसऱ्या दिवशी मी मोटार अर्जुनीच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री ट्रॅक्टरचा. त्याने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारले, "सर, पाहाले ठेवाची हाये का चालवाले?" चालवायची, असे मी प्रथमच म्हणालो.

मोटार उंच करणे म्हणजे पायांखाली विटा लावणे, अशी माझी समजूत होती. तसे ते नसते. चारही चाकांच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवून मिस्त्रीने तिला इंचभर उचलले. पण चाकांना फिरवणारे जे दांडे इंजिनापासून निघतात ते आता तिरपे झाले आणि त्यांच्या टोकांवरची रबरी वेष्टने फाटू लागली. ती दोनदा बदलावी लागली. दिव्यांचा झोत आभाळाकडे गेला, तो खाली आणावा लागला. चाकांची सरळ रेषा बिघडली, ती पुन्हा जुळवावी लागली. व्याकरणात एक स्वर हलवला की अख्खा शब्द हलतो, तशातलाच हा प्रकार. इंजिनाच्या पोटाखाली पोलादी पत्रा आला. इंजिन, सांगाडा आणि रंग यांना मात्र हात लावू दिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मूळ बांधणीत मनमानी फेरफार वर्ज्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ते पुन्हा बजावले आहे, हे मी आधीच वाचून ठेवले होते. आंधळी हौस असली तरी मी मास्तर आहे.

मग एकेक जण आपला हात लावू लागला. रपट्यावर तडकलेले नाक कोण सांधणार? आमच्या विदर्भात फायबर म्हटले की कूलर. कूलरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने काचेच्या तंतूंचे कापड आणि राळ घेऊन ते दोन तासांत जोडले. वर म्हणाला, "गंजणार नाही सर, लोखंडापेक्षा बरी." फाटलेला कापडी टप वडशाला शिवून मिळाला. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे पडदे शिवणारा तो शिंपी. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की गावोगाव रात्ररात्र नाटके होतात, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्याने राजमहालाच्या पडद्यांमधून सवड काढून माझा टप शिवला, आणि तेव्हापासून पावसाचा थेंब आत आलेला नाही. मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापे, म्हणून मिस्त्रीने आणखी एक पंखा लावला. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले; त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून त्याही बदलल्या. हे इथेनॉल उसाप्रमाणे तांदळापासूनही काढतात. म्हणजे आमच्या धानाच्या मुलखात येऊन ही फ्रेंच इंजिनाची बाई शेवटी भाताची पेज प्यायला शिकली.

हे सारे आम्हीच अडाणीपणाने केले असे समजू नये. २०२२ साली लॅम्बोर्गिनीने आपली हुराकान चव्वेचाळीस मिलिमीटर उंच करून 'स्तेर्रातो' या नावाने काढली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ कच्चा रस्ता. त्याच वर्षी पोर्शेनेही आपली ९११ पन्नास मिलिमीटरने उचलून तिला 'डाकार' हे नाव दिले. त्यांच्या किमतीत आमचा रपटा सोन्याने मढवता येईल. अर्जुनीच्या मिस्त्रीला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मंग त्यायच्याकडेही रस्ते खराब असतीन."

सगळ्यात शेवटी आसन. ते उचलायला जागा नव्हती. सौभाग्यवतीने घरातून एक जुना पाट आणला, लग्नात वडील ज्यावर बसले होते तो. मिस्त्रीने त्याचे कोपरे तासले आणि तो गादीखाली पक्का बसवला. वर दाराशी धरायला चामड्याचा पट्टा लावला. आईने पट्टा धरला, पाटावर टेकली आणि पाय आत घेतले. कोणी धरावे लागले नाही. आता दर महिन्याला ती तपासणीला याच मोटारीतून जाते. सौभाग्यवतीला मोटारसायकल येते. त्या दिवशी ती आमच्या मागून येते. घराचे छप्पर पुढच्या वर्षी दुरुस्त झाले, हेही नोंदवून ठेवतो.

जवळच, १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथल्या एका वृद्ध दुकानदारांनी परवा मोटार थांबवली, वाकून खाली पाहिले आणि विचारले, "उंच केली का गा?" त्यांच्या ओठांवरचा तो 'गा' ऐकून मी चमकलो. तो आमच्या झाडीचा 'गा'. त्यांच्या पाठीमागे वाऱ्यावर प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या आणि त्यांवरची अक्षरे मात्र त्यांचीच होती. आपल्यात मिसळून जायला माणसाला मूळ टाकावे लागत नाही, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या एका 'गा'ने मला नीट सांगितले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून एक गृहस्थ आले. त्यांना जुन्या मोटारींचा शौक. त्यांनी माझी मोटार बघितली आणि एखाद्या आजाऱ्याची नाडी पाहावी तसे त्यांचे तोंड झाले. चकत्या, पत्रा, पंखा, टप, आणि शेवटी पाट. "सर," ते म्हणाले, "तुम्ही हिची वाट लावलीत. जशीच्या तशी असती तर मी दुप्पट दिले असते." सौभाग्यवती चहा घेऊन आली होती, तिनेही तो आकडा ऐकला. मुलगा पुढल्या वर्षी बारावी होईल. त्या आकड्याला आमच्या घरात अर्थ होता.

आणि ते गृहस्थ अगदीच खोटे बोलत नव्हते. पहाटेच्या धरणाच्या रस्त्यावर ती आता पूर्वीसारखी वळत नाही. उंचावल्यामुळे वळणावर झुकते, पत्र्याच्या वजनाने सुस्तावते. बोटांना जो एक सूक्ष्म आनंद मिळत असे तो गेला. 'दुग्ध' या शब्दात जो डौल आहे तो 'दूध' या शब्दात नाही, हे मी नाकारणार कसे? झिजण्यात काहीतरी झिजतेच. पण तान्हे मूल रडू लागले म्हणजे कोणी दुग्ध मागायला जात नाही.

ते गृहस्थ गेल्यावर मी सौभाग्यवतीकडे भीतभीतच पाहिले. भांडी वाजतील असे वाटले होते. ती म्हणाली, "पाट काढून देणार असाल तर विका." पाट काढायचा नव्हता, म्हणून विकली नाही.

आईला 'स्टॉर्म' हा शब्द कधीच आला नाही. आधी ती 'इस्टारम' म्हणे. मी दोनदा तिचा उच्चार सुधारला, जसा वर्गात सुधारतो. मग तो 'टारम' झाला आणि आता 'टोरम' झाला आहे. गावातली पोरेही तसेच म्हणतात, आणि परवा प्राध्यापक-कक्षात मीही बोलून गेलो. तपासणीच्या दिवशी सकाळी आई लुगडे नीट करून, काठी घेऊन ओट्यावर येऊन बसते आणि गोठ्याकडे बघून हाक मारते,

"चाल गा, टोरम काढ."